एमआरआय नॉर्मल, पण शेड जुळेना

एमआरआय नॉर्मल आला आणि घरचे सगळे एकदम सुटल्यासारखे झाले, मला मात्र काही बरं वाटलं नाही, कारण मग मला जे होतंय ते आहे तरी काय? मी गाड्या रंगवतो, स्प्रे पेंटिंग, बरीच वर्षं झाली, आणि त्यातही शेड मॅचिंग, म्हणजे नवा रंग गाडीच्या जुन्या रंगाशी जुळवणं, कायम माझ्याकडे असायचं. थिनर, लॅकर, पेट्रोल, ग्लू यात रोज काम करणाऱ्या माणसाच्या मेंदूची तपासणी नेमकी कशी करतात, काय काय विचारतात, याबद्दल मला आधी कुठे धड वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

संध्याकाळी डोकं जड होणं हे तर आमच्या धंद्यात सगळ्यांचंच असतं, त्याला कोणी आजार म्हणत नाही. बूथमधून, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीतून, बाहेर आलं की जरा तरंगल्यासारखं, कधी उगाच हसू येतं कधी उगाच चिडचिड, घरी जाऊन आंघोळ केली, मोकळ्या हवेत बसलं की उतरतं. त्यामुळे मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. फरक पडला तो असा की ते उतरायचं बंद झालं. सकाळी उठल्यावरपण डोक्यात ढिम्मपणा, कोणी बोलत असताना वाक्याच्या मध्येच माझा धागा सुटायचा, कप्पा उघडून उभा राहायचो आणि काय घ्यायला आलो ते आठवायचं नाही. बायको म्हणायची, "अहो, हे तुम्ही मगाशीच विचारलंत." पहिल्यांदा हसून, मग काळजीनं, मग काहीच न म्हणता परत उत्तर द्यायची, आणि ते गप्प उत्तर देणं मला जास्त लागायचं. राग तर असा यायला लागला की मलाच कळायचं नाही एवढं काय झालं होतं.

दुसरी गोष्ट शेडची. निळ्या-हिरव्याच्या मधले रंग, त्यात पर्ल म्हणजे मोत्यासारखी चमक असेल तर अजूनच, मला जुळल्यासारखे वाटायचे आणि उन्हात गाडी आणली की दरवाजा वेगळा आणि फेंडर वेगळा. आमच्याकडचा पोरगा, जो अजून पॉलिशिंगवरच आहे, तो म्हणाला दादा हे जरा पिवळट जातंय का? आणि मला ते दिसतच नव्हतं. हे एकदा नाही, वरचेवर व्हायला लागलं. मला वाटलं चष्मा लागला असेल.

म्हणून मी गेलो डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि खरी सुरुवात तिथून झाली. नंबर ठीक, मोतीबिंदू नाही, पडदा ठीक. मग त्यांनी विचारलं काम काय करता. सांगितलं. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, रंगांची गडबड आणि विसरणं दोन्ही एकत्र असेल तर मला वाटतं तुम्ही व्यवसायातून होणाऱ्या आजारांच्या डॉक्टरांना भेटा. त्याआधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शुगर, थायरॉइड, बी12, बीपी सगळं करून झालं होतं आणि सगळं जागेवर होतं, पण काम काय करता हे काही त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांची चूक म्हणत नाही मी, पाच मिनिटांत किती विचारणार.

या ज्या नवीन डॉक्टर होत्या त्यांनी पहिल्या भेटीत मला ना सुई टोचली ना मशीनमध्ये घातलं, नुसतं विचारत बसल्या. खूप वेळ. मला वाटलेलं थिनर वापरतो म्हटलं की झालं. तसं नसतं. थिनर म्हणजे कुठलं? डब्यावर काय लिहिलंय? डब्यांचे फोटो आणि प्रत्येक मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यात काय काय आहे आणि धोका काय ते लिहिलेला कागद, आणायला सांगितली, ती बनवणाऱ्यांकडून मागवता येते हेच मला माहीत नव्हतं. त्यात टोल्युइन, झायलीन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशी नावं निघाली. मग प्रश्न: बूथ बंद असतो का, एक्झॉस्ट चालू असतो की आवाज होतो म्हणून बंद करता, धूळ बसू नये म्हणून दारं लावून घेता का, गन कशानं धुता, उघड्या डब्यात की झाकून, हात कशानं धुता. हात? थिनरनंच की. मग त्यांनी लिहून घेतलं, कारण हे द्रव कातडीतूनही आत जातात. जेवता कुठे, मिक्सिंग टेबलाजवळच का. सॉल्व्हंटची, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवांची, वाफ हवेपेक्षा जड असते, टोल्युइनची तर साधारण तिप्पट, त्यामुळे ती वर जात नाही, खाली जमिनीलगत साचते, आणि आम्ही वाकून बसून सिल (दाराखालची पट्टी) आणि बंपरचा खालचा भाग मारणार म्हणजे बरोबर तिथेच नाक.

मास्कचं विचारलं तर मी अभिमानानं सांगितलं की लावतो. कुठला? धुळीचा, पांढरा. त्यावर त्या म्हणाल्या की तो रंगाचे थेंब आणि धूळ अडवतो, वाफ त्यातून सरळ आरपार जाते, वाफेला कोळशाचं म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचं कार्ट्रिज लागतं. आणि ते कार्ट्रिजही भरतं, कधीतरी बदलावं लागतं. उघडं टांगून ठेवलं तर आपण नसतानासुद्धा ते हवेतली वाफ ओढत बसतं, म्हणून काम झालं की बंद पिशवीत. दाढी असेल तर कडेनं गळतं. इतकी वर्षं काम करून हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

एक प्रश्न असा होता की ज्यावर बायकोनंच उत्तर दिलं. सुट्टीत बरं वाटतं का? ती म्हणाली हो, लग्नकार्यासाठी लांब सुट्टी पडली की हे माणसात असतात. डॉक्टरांनी ते अधोरेखित केलं. मग दारूचं विचारलं, अगदी बारीक, किती, कधीपासून, डोक्याला मार लागलाय का, झोपेत घोरतो का, श्वास अडकतो का, उदास वाटतं का, आधी कुठे काम केलं. आधी मी चपलांचं काम केलं होतं, रबर सोल्युशन लावायचं. त्यावर त्यांनी लगेच ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्यावर ठेवला आणि थरथर कळते का विचारलं. त्या ग्लूमध्ये कधीकधी एन-हेक्झेन नावाचं सॉल्व्हंट असतं आणि शरीरात त्याचं जे रूप तयार होतं ते हातापायांच्या लांब नसा खराब करतं, मेंदूपेक्षा आधी तिथे दिसतं. माझं ते ठीक निघालं.

मग मी विचारलं की नाकातून गेलेली वाफ डोक्यात करते काय नेमकं. त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. पोटातून काही गेलं तर आधी लिव्हर त्याला गाठतं, पण फुप्फुसातून गेलेलं सरळ रक्तात आणि तिथून काही सेकंदांत मेंदूत. ही सगळी द्रव्यं चरबीत विरघळणारी, आणि मेंदूत चरबी भरपूर, त्यामुळे मेंदूभोवती जी गाळणी असते तिला ती जुमानत नाहीत. आत गेल्यावर मेंदूला शांत करणारी जी रसायनांची यंत्रणा आहे, गाबा, ती वाढवतात आणि जागं ठेवणारी दाबतात, म्हणजे काम दारू किंवा भुलीच्या औषधासारखंच. म्हणून तरंगणं, जीभ जड होणं, तोल जाणं. ते उतरतं कारण वाफ श्वासातूनच परत बाहेर पडते, पण अंगातल्या चरबीत गेलेली हळूहळू निघते, आणि दुसऱ्या दिवशी आपण परत बूथमध्ये असतो. लांब मुदतीत काय होतं तर मेंदूच्या पेशींना जोडणाऱ्या ज्या तारा आहेत त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, त्याला धक्का पोचू शकतो. मग सिग्नल जातो पण सावकाश. मला हे एकदम पटलं कारण मला आठवत नव्हतं असं नव्हतं, उशिरा आठवत होतं.

लघवीच्या तपासणीचा किस्सा वेगळाच. ती सकाळी उपाशीपोटी नाही, शिफ्ट संपता संपता द्यायची, आणि शक्यतो आठवड्याच्या शेवटच्या दिवसांत. टोल्युइनचं शरीरात हिप्युरिक अ‍ॅसिड होतं आणि झायलीनचं मेथिलहिप्युरिक अ‍ॅसिड, ते मोजतात. पण हिप्युरिक अ‍ॅसिड सोडियम बेंझोएटमुळेही वाढतं, जे बाटलीबंद पेयांमध्ये आणि टिकाऊ खाण्यात घालतात, म्हणून आदल्या दिवसापासून ते सगळं बंद करायला सांगितलं. मेथिलहिप्युरिकला हा घोळ नाही. माझे दोन्ही वाढलेले आले. पण डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट केलं की ही टेस्ट फक्त त्या दिवशीचं सांगते, मागच्या पंधरा-वीस वर्षांत किती हुंगलं ते कुठल्याच लघवीत किंवा रक्तात सापडत नाही. ते फक्त त्या लांबलचक प्रश्नोत्तरांत सापडतं. म्हणून म्हणतो, डब्यांचे फोटो काढून ठेवा, जुन्या कामाच्या ठिकाणचेसुद्धा जमले तर.

आता मुख्य भाग, न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंग, म्हणजे स्मरण, लक्ष, विचारांचा वेग यांची परीक्षा. नाव ऐकून मी घाबरलो होतो की मला वेडा ठरवणार. तसं काही नाही, एक खोली, एक टेबल, समोर मॅडम आणि स्टॉपवॉच, आणि कागद-पेन्सिल. जवळजवळ अख्खी सकाळ चाललं, मध्ये विश्रांती दिली.

पहिल्यांदा शब्दांचे अर्थ वगैरे विचारले, ते पटापट आले. मला वाटलं चला सोपं आहे. नंतर कळलं की हा भाग मुद्दाम असतो, कारण जुनं साठलेलं ज्ञान सहसा शाबूत राहतं आणि त्यावरून माणूस मुळात कसा होता याचा अंदाज घेतात, मग बाकीचं त्याच्याशी ताडून बघतात. मग आकडे. त्या सांगतील ते परत म्हणायचे, सरळ जमले. उलटे म्हणायचे आले आणि मी चार आकड्यांनंतर घसरलो. एक कागद होता ज्यावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली, 1 वरून क, मग 2, मग ख अशी रेघ ओढत जायची. फक्त आकड्यांचा कागद मी बरा केला होता, पण हा एकाआड एक आला की प्रत्येक ठिकाणी पेन्सिल हवेत थांबायची. 3 झालं, आता ग, ग कुठाय, सापडला, मग आता 4 की 5? स्टॉपवॉचचा आवाज येत नव्हता तरी मला तो ऐकू येत होता असं वाटत होतं.

लाल-पांढरे ठोकळे होते, चित्रात दाखवल्याप्रमाणे नक्षी जुळवायची. हाताचं काम म्हणून मला खात्री होती. सोप्या नक्ष्या झाल्या, तिरक्या आल्या की वेळ संपायची. पंधरा शब्दांची यादी त्या परत परत वाचायच्या आणि दर वेळी आठवतील तेवढे सांगायचे. पहिल्या खेपेला फार थोडे आले, हळूहळू वाढले, पण जेवढे व्हायला हवे होते तेवढे नाही. गंमत म्हणजे अर्ध्या तासानं परत विचारले तेव्हा जे शिकलो होतो ते बहुतेक टिकलेले होते. मॅडम म्हणाल्या हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हाताऱ्या माणसांच्या स्मृतिभ्रंशात, अल्झायमरमध्ये, शिकलेलंच निसटून जातं, तुमचं आत शिरायलाच वेळ लागतोय.

एक टेस्ट अशी होती की ती इतकी सोपी होती की मला संशय आला. नंतर कळलं ती माणूस मुद्दाम चुका करतोय का हे बघायला असते. तेव्हा राग आला, म्हणजे मी काय नाटक करतोय का? पण विचार केल्यावर पटलं, कारण उद्या भरपाईचा किंवा कामाचा विषय निघाला तर पहिला आरोप हाच होणार, आणि तेव्हा हाच कागद आपल्या बाजूनं उभा राहतो.

रंगांच्या टेस्टनं मात्र मी हललो. छोट्या गोल टोप्या, पंधरा, एकदम फिक्या रंगांच्या, आणि एक पहिली ठरलेली. तिच्या जवळचा रंग शोधून शेजारी लावायचा, मग त्याच्या जवळचा, अशी रांग करायची. अरे, हे तर माझं रोजचं काम! लावून टाकलं आरामात, एकदा नीट बघून दोन टोप्या बदलल्यापण. मग त्यांनी डबी उलटी केली, टोप्यांच्या खाली आकडे असतात. सुरुवातीला ओळीत, आणि मग मध्येच उड्या, पुढचा आकडा मागे, मागचा पुढे. निळ्या-पिवळ्याच्या दिशेला गडबड, सॉल्व्हंटमध्ये काम करणाऱ्यांत बहुतेकदा हीच सापडते, जन्मजात रंगांधळेपणा बहुधा लाल-हिरव्याचा असतो. मला ती रांग अजूनही बरोबरच दिसत होती. आकडे समोर असून. कानाचीही तपासणी केली, कारण टोल्युइन आणि मोठा आवाज दोन्ही एकत्र असले तर कान जास्त जातात, आणि आमच्याकडे कॉम्प्रेसर आणि ग्राइंडर दिवसभर.

एमआरआयसाठी बसलो होतो तिथे एक आई आणि तिचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. मुलगा उठला तर पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालायचा. आई स्वतःहून बोलली, मित्रांच्या नादानं नशेसाठी हुंगायचा. मी डॉक्टरांना नंतर विचारलं की हे आणि माझं एकच का. त्या म्हणाल्या द्रव्य तेच, डोस वेगळा. कामाच्या जागी हवेत जेवढं असतं त्याच्या कितीतरी पट ही मुलं एका वेळी आत घेतात, म्हणून त्यांच्या एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग बदललेला, तोल सांभाळणारा छोटा मेंदू आक्रसलेला असं डोळ्यांना दिसू शकतं. आणि त्यांच्यात पहिल्याच वेळीसुद्धा हृदयाचा ठोका बिघडून माणूस जागेवर जाऊ शकतो, कारण ही वाफ हृदयाला अ‍ॅड्रेनालीनसाठी हळवं करते. 1970 मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं अशा 110 तरुणांच्या अचानक मृत्यूंची नोंद छापली होती. ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम वस्त्यांत पेट्रोल हुंगण्याचा प्रश्न एवढा होता की 2005 पासून तिथे ओपल नावाचं वेगळं पेट्रोल आणलं, ज्यात टोल्युइन, झायलीनसारखे घटक कमी असतात. त्या आईला काय सांगावं मला सुचलं नाही, नुसतं डब्यातलं पाणी दिलं.

कामगारांचा एमआरआय मात्र बहुतेक वेळा नॉर्मल किंवा थोडासा फरक एवढाच येतो. तो करतात ते गाठ, जुना पक्षाघात असं दुसरं काही नाही ना हे बघायला. म्हणजे घरचे ज्या रिपोर्टवर खूश झाले होते त्यानं फक्त बाकीची दारं बंद केली होती.

शेवटी सगळं एकत्र ठेवून डॉक्टरांनी निदान सांगितलं, क्रॉनिक सॉल्व्हंट एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे वर्षानुवर्षं सॉल्व्हंट आत जाऊन मेंदूला झालेली इजा. डेन्मार्क, स्वीडनकडे 1970 च्या दशकात रंगाऱ्यांमध्ये हे इतकं दिसलं की तिकडे त्याला पेंटरचा आजारच म्हणायला लागले. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1856 मध्ये, पॅरिसच्या देल्पेश नावाच्या डॉक्टरनं रबर कारखान्यातल्या कामगारांचं कार्बन डायसल्फाइड या सॉल्व्हंटमुळे डोकं कसं बिघडतं ते लिहून ठेवलं होतं. 1985 मध्ये याचे प्रकार ठरवले गेले: पहिल्यात फक्त तक्रारी, टेस्ट नॉर्मल. दुसऱ्याचे दोन भाग, 2ए मध्ये स्वभाव आणि मूड बदलतो, 2बी मध्ये टेस्टमध्येही लक्ष आणि स्मरणाची घट दिसते. तिसरा म्हणजे सरळ डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), तो कामगारांत क्वचित. माझं 2बी.

मी विचारलं औषध? नाही. यावर गोळी नाही. काम थांबलं की पुढे वाढत नाही सहसा, हा मोठा दिलासा आहे, पण जे गेलंय त्यातलं किती परत येईल ते माणसावर अवलंबून. झोप, दारू बंद, उदासी असेल तर तिचा वेगळा उपचार, आणि वहीत लिहायची सवय.

मालकाला पत्र दिलं. तो आधी म्हणाला इतकी वर्षं सगळे करतायत कोणाला काही झालं नाही, मग मी लघवीचा रिपोर्ट दाखवला तर गप्प झाला. ती मर्यादांची भानगडपण त्याला दाखवली, अमेरिकेत टोल्युइनसाठी कायद्याची जी मर्यादा आहे ती 8 तासांच्या सरासरीला 200 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 200 भाग), आणि तिथल्याच एसीजीआयएच या तज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस 20 पीपीएम. दहा पटीचा फरक! मग कोणाचं धरायचं? आणि वास येत नाही म्हणून हवा साफ आहे असंही नाही, नाक थोड्या वेळात सवयीचं होतं, मला तर बूथमध्ये वास येणं कधीच बंद झालं होतं. बदल अर्धवट झाले. बेसकोट, म्हणजे खालचा रंगाचा थर, पाण्याचा घेतो आता, वरचा पारदर्शक क्लिअर अजून सॉल्व्हंटचाच आहे. गन धुवायला बंद टाकी आली. कार्ट्रिजवाले मास्क आले, पोरं उन्हाळ्यात काढून ठेवतात त्यावर रोज भांडण.

मी बूथमधून बाहेर आलो, एस्टिमेट आणि गाड्या ताब्यात घेणं-देणं बघतो. बऱ्याच महिन्यांनी परत तीच टेस्टिंग केली, यादीतले शब्द दुसरे होते. रेघ ओढण्याचा वेळ सुधारला, डोकं जड राहणं जवळजवळ गेलं, चिडचिड बायकोच्या म्हणण्याप्रमाणे अर्ध्यावर आली, माझ्या मते त्याहून कमी झालीय. उलटे आकडे जिथे होते तिथेच आहेत. टोप्यांची रांग थोडी बरी, पण अजून दोन उड्या निघाल्याच. पुढची टेस्टिंग वर्षानं आहे. शेड मॅचिंग आता तो पॉलिशिंगवाला पोरगा करतो, आणि त्याची पहिली रंगांची टेस्ट नि लघवीची तपासणी मी काम सोपवायच्या आधीच करून घेतली, म्हणजे उद्या तुलना करायला त्याचा स्वतःचा आकडा असेल.